बिछान्याखालचं पाणी

बोटींच्या त्या आवारात तिला सगळे टाकीमावशी म्हणायचे, आणि त्याला कारण झाला तिचा हात. बोटीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीला वरच्या बाजूला एक गोल झाकण असतं, लहानशा ताटलीएवढं. टाकी आतून पुसायची तर त्या भोकातून हात थेट खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. तिचा धाकटा भाऊ आवारातला मिस्त्री. बोटीचं लाकूडकाम असो नाहीतर इंजिन, गडी कशाला हार जायचा नाही, पण टाकीपुढे त्याचं काही चालत नसे. एकदा त्याचा दंड भोकात असा अडकला की साबणाचं पाणी ओतून सोडवावा लागला. त्याला जेवणाचा डबा द्यायला आलेली ही थोरली बहीण बाजूला उभी राहून हसून हसून बेजार झाली आणि म्हणाली, "सरक तिकडे." तिचा काडीसारखा हात सुळकन आत गेला, आणि बाहेर आला तो मूठभर हिरवा गाळ घेऊनच. त्या दिवशी ती कामाला लागली ती लागलीच.

नवरा शिंपी होता, बोटींची ताडपत्रीची आच्छादनं शिवायचा. "मी बोटींना कपडे शिवतो, ही त्यांना आंघोळ घालते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "लेकरांचं केलं असतं तरी इतकं झालं नसतं!"

काम म्हटलं तर सोपं, म्हटलं तर चिकट. हंगाम संपला की बोटी पाण्यातून वर काढून लाकडी घोड्यांवर चढवायच्या, टाक्या रिकाम्या करायच्या, नळ उघडे ठेवायचे. नवा हंगाम तोंडावर आला की हे सगळं उलट्या क्रमाने. नळ बंद करायचे, टाकी पुसायची, पाइपांच्या क्लिपा आवळायच्या, फिल्टर बदलायचा. मग ब्लीचिंग घातलेलं पाणी टाकीत भरून एकेक नळ सोडायचा, स्वयंपाकाचा, हात धुवायचा, न्हाणीचा. नळाला ब्लीचिंगचा वास आला की तिथवर औषध पोचलं असं समजायचं. ते पाणी मुरू द्यायचं, सोडून द्यायचं, आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळायचं. सगळ्यात शेवटी ती स्वतः पेलाभर पाणी पिऊन बघायची. आपण पिणार नाही ते दुसऱ्याला कसं पाजायचं, एवढाच तिचा हिशेब.

त्या वर्षी आवाराच्या टोकाला, भिंतीच्या कडेला, एक जुनी निळी बोट उभी होती. मालक चष्मेवाला. बाजारपेठेत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, माणूस मवाळ, चाळिशीचा. आदल्या हंगामात त्याने ही बोट दूरच्या बंदरातून कुणाकडून तरी घेतली, आणि पहिल्याच मोठ्या सफरीत भर समुद्रात इंजिन बंद पडलं. बोटीवर तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आत्या. कितीतरी दिवस बोट वाऱ्यावर भरकटत राहिली. शेवटी एका मासेमारीच्या लाँचने त्यांना ओढून आणलं, पण तोवर आत्या गेली होती. 'पाणी संपलं आणि म्हातारी गेली,' एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यापुढे कुणी विचारलंही नव्हतं. बोट तशीच थेट आवारात आली, घोड्यांवर चढली, आणि त्या घरातलं कुणी तिच्याकडे फिरकलं नाही. टाकी रिकामी करायलाही कुणी सांगितलं नाही. संपलेल्या पाण्याची टाकी रिकामी ती काय करायची?

आता चष्मेवाल्याने निरोप पाठवला होता, की बोट विकायची आहे, गिऱ्हाईक बघायला येणार आहे, तेवढं पाण्याचं करून ठेवा.

मावशी सकाळी शिडी लावून वर चढली. बोटीच्या आतल्या खोलीत कोंदट वास होता. कडेच्या बिछान्यावर गादी अजून खोलगट होती, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. खिडकीच्या कठड्यावर एक फणी होती, तिच्यात पांढरे केस. मावशीने ती फणी हात न लावता तिथेच राहू दिली. तिने बॅटरी जोडली, स्वयंपाकाचा नळ सोडला. पंप घरघरायला लागला आणि नळातून नुसती हवा फुसफुसली. रिकामी आहे, ती मनाशी म्हणाली. मग तिने गादी उचलून भिंतीला टेकवली, खालच्या फळ्या काढल्या, टाकीच्या झाकणाचे स्क्रू सोडवले आणि सवयीने हात आत घातला.

कोपर आत जायच्या आधीच बोटांना पाणी लागलं.

तिने हात झटकन बाहेर काढला. बाहीच्या टोकातून थेंब पडत होते. पुन्हा घातला, या वेळी हळू. पाणी थंड होतं, आणि टाकीच्या निम्म्यापर्यंत होतं. हात फिरवता फिरवता तिला पंपाकडे जाणारा पाइप सापडला. वरून खाली टाकीच्या तळापर्यंत गेलेला, जुना, वाळून कडक झालेला. त्याच्यावरून बोटं खाली सरकवत नेली तर पाण्याच्या जरा वर त्याला एक लांब चीर होती, नख आत जाईल एवढी.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते कामाचंच. पाइप चिरलाय, पाणी चिरेच्या खाली गेलं की पंप नुसती हवा ओढणार, बदलावा लागेल. त्यानंतर जे मनात आलं त्याने मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी संपलंच नव्हतं. नळ कोरडे पडले, आणि माणसांना वाटलं टाकी कोरडी पडली. भिंतीला टेकवलेल्या त्या खोलगट गादीकडे तिला बघवेना. म्हातारी पाण्यावाचून गेली ती पाण्यावरच झोपून.

मग तिने जे करायला आली होती तेच केलं. तळाचं बूच काढलं. बोटीच्या पोटातून धार लागली आणि खाली मातीत पसरली. इतके महिने कोंडलेलं पाणी, त्याला वास यायला हवा होता. नव्हता. काचेसारखं स्वच्छ पाणी बराच वेळ पडत राहिलं. तिने फडक्याने टाकी आतून कोरडी केली, चिरलेला पाइप काढून ठेवला, झाकण नुसतं वर ठेवलं, फळ्या लावल्या आणि जरा टेकावं म्हणून त्यांच्यावर बसली.

खाली पाणी हललं.

निम्म्या भरलेल्या हंड्याला धक्का लागावा तसा आवाज. डुचमळलं, थांबलं, पुन्हा डुचमळलं. बोट जमिनीवर होती, घोड्यांवर, हलायचं कारणच नव्हतं. तिने फळी उचलली, झाकण सरकवलं, हात आत घातला. कोरडं. हात फिरवला, कोपरे चाचपले. ठणठणीत कोरडं. फळी लावली, आणि पाणी पुन्हा डुचमळलं. त्याच्या पाठोपाठ तिच्या मांडीशेजारीच, अगदी तळहातभर अंतरावर, फळीवर थापा पडल्या. थप. थप. थप. कुणीतरी उघड्या पंजाने, कसंबसं बळ आणून मारल्यासारख्या.

मावशी शिडीवरून उतरली ती उन्हात बराच वेळ उभी राहिली. भावाने लांबून विचारलं, "काय गं ताई, झालं?"

"उद्या," ती म्हणाली. एका टाकीला दोन दिवस लावणारी ती नव्हे, पण भावाच्या ते ध्यानात आलं नाही.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, आवाजासकट. तो मशीनवर वाकला होता. त्याने पाय थांबवला, पण थट्टा केली नाही.

"आवाजाचं सोड," तो म्हणाला. "पण पाण्याचं त्या माणसाला सांगू नकोस. झालं ते झालं. त्याच्या जखमेवर मीठ चोळून तुझ्या पदरात काय पडणार?"

"काही नाही."

"मग? गेलेली काही परत येणार नाही. आणि हा जन्मभर कुढत बसेल. तू कशाला मध्ये पडतेस?"

तिला ते पटलं. खरंच पटलं. झाकली मूठ ठेवायची असं ठरवून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने नवा पाइप बसवला, क्लिपा आवळल्या, ब्लीचिंगचं पाणी भरलं. टाकी काठोकाठ भरली तेव्हा बिछान्याखालून चकार शब्द नाही. फळीवर कान ठेवला तरी सामसूम. ती नळ सोडत फिरली, पाणी मुरू दिलं, मग बूच काढलं. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी झाली, आणि आत पाणी वाजायला लागलं. भरली की गप्प, रिकामी की बोलती. तिने कितीतरी टाक्या हाताळल्या होत्या, पण हे कोणत्या हिशेबात बसवायचं ते तिला कळेना. आणि मधूनच त्या थापा. खोलीत ऊन पडलं होतं, बाहेर भावाचा रंधा चालू होता, कुणीतरी कुणाला शिव्या घालत होतं, आणि इथे ही फडकं हातात धरून ऐकत होती.

तेवढ्यात शिडी करकरली. चष्मेवाला वर येत होता.

"गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा नजर टाकावी म्हटलं," तो दारातूनच म्हणाला. आत पाऊल टाकायला त्याला वेळ लागला. मग आला, आणि कठड्यावरची फणी उचलून खिशात घातली. "मावशी, झालं का तुमचं?"

"होत आलं. एकदा स्वच्छ पाण्याने खळबळलं की झालं."

तो बिछान्याकडे बघत होता. "इथेच होती ती. आत्या. तिनेच वाढवलं मला. बोट घेतली तीसुद्धा तिच्या हट्टापायी. समुद्र बघायचा होता तिला." तो आपणहून बोलायला लागला. सगळं त्याच्या तोंडून भरभर येत होतं. "दोन बाटल्या होत्या जवळ, त्या पुरवून पुरवून प्यायलो. तिला जास्त देत होतो, देवाशपथ. पण वयच असं. शेवटी शेवटी तिला भास व्हायला लागले."

मावशीने फडकं पिळलं. पिळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कसले भास?"

"म्हणायची, खाली पाणी वाजतंय. अरे, माझ्या खाली पाणी आहे रे. मी म्हटलं, आत्या, समुद्र आहे, चहूकडे पाणीच वाजणार. ऐकेना. बोलायचं बळ गेलं तेव्हा हाताने फळीवर मारत राहिली. आम्हाला बघवेना. शेवटी मी तिचा हात धरून ठेवला. गप्प पडून राहावं म्हणून."

असं म्हणून तो त्या फळ्यांवर बसला.

पाणी हललं. मावशीने मान खाली घातली. आपल्यालाच ऐकू येतंय, त्याला नाही, असं काहीतरी ती मनात घोकत होती. पण चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. त्याने हळूच फळीवर हात ठेवला.

"आत पाणी आहे का?"

"रिकामी आहे," ती म्हणाली. "आत्ताच सोडलं."

"मग हे काय वाजतंय?"

तो खाली वाकला, बोटीचा मालक, शहाणासुरता माणूस, आणि त्याने फळीला कान लावला. लावून राहिला. मग मान न उचलता, डोळे तिच्यावर रोखून, त्याने विचारलं, "मावशी, तेव्हा होतं का पाणी?"

नवऱ्याचं बोलणं तिला आठवलं. नाही म्हणणं सोपं होतं, एका शब्दाचं काम. पण त्याच क्षणी फळीवर थाप पडली, त्याच्या गालाशेजारी, आणि ती त्यानेही ऐकली.

"होतं," ती म्हणाली. "निम्मी टाकी. पाइपाला चीर होती, म्हणून वर येत नव्हतं. तुम्हाला कळायला मार्ग नव्हता, दादा. कुणालाच नव्हता."

तो उठला. चष्मा काढला, पुन्हा घातला. आणि मग असा ओरडला की खालचा रंधा थांबला. "कशाला सांगितलंत? कुणी विचारलं होतं तुम्हाला?" विचारलं त्यानेच होतं, पण ते त्याला सांगणार कोण? तो धडपडत शिडी उतरला. शेवटच्या पायरीवर त्याचा पाय सटकला, भावाने सावरलं, तर त्यालाही ढकलून निघून गेला.

काय झालं ते कळल्यावर भाऊ भडकला. "ताई, तुझ्या जिभेला हाड आहे की नाही? आपलं गिऱ्हाईक आहे ते! पाइप बदलायचा, गप्प बसायचं."

"त्याने विचारलं."

"म्हणून?"

तिने हत्यारं गोळा केली आणि घरी गेली. नवरा त्या संध्याकाळी एक शब्द बोलला नाही, आणि एवढ्या बोलघेवड्या माणसाचं गप्प बसणं तिला शिव्यांपेक्षा जड गेलं.

बरेच दिवस चष्मेवाला आला नाही. बोट बघायला येणारं गिऱ्हाईकही आलं नाही. चष्मेवाल्यानेच त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं, असं मागाहून समजलं. बाकीच्या बोटी एकेक करत पाण्यात उतरल्या, आवार रिकामं व्हायला लागलं. मावशी त्या निळ्या बोटीखालून जायचं टाळत होती. तरी एकदा दोरी आणायला जावं लागलं, तर वरून, लाकडाच्या आडून, थपथप ऐकू आलीच. तिला वाटलं, आपण सांगून चुकलो. आवाज बंद होईल म्हणून सांगितलं असं नव्हे, पण सांगितल्यावर तो बंद व्हावा अशी आशा कुठेतरी होती.

मग एका दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तिला म्हणाला, "टाकी भरा."

"ब्लीचिंगचं सगळं झालंय. नुसतं खळबळायचं—"

"भरा. आणि मग सोडा. मी आत आहे."

ती खालून पाइप लावून पाणी भरत होती. तो आत जाऊन त्या फळ्यांवर आडवा झाला, गादी न घालता, एक कान खाली लावून. तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा त्याने गुडघे पोटाशी घेतले होते, म्हातारीला तेवढ्याच जागेत झोपावं लागत असणार. टाकी भरली. मग तिने बूच काढलं. पाणी पडत राहिलं, धार बारीक होत गेली, थेंब थेंब झाली, थांबली.

मग आतून त्याचा आवाज आला. मोठ्याने नव्हे, घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला उत्तर द्यावं तसा.

"हो गं आत्या. आहे. ऐकू येतंय मला."

थोडं थांबून पुन्हा. "तू म्हणत होतीस तेच. पाणीच आहे."

मावशीने आत जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय आपोआप शिडी चढले. दारातून तिने बघितलं. तो तसाच पडला होता. त्याच्या चेहऱ्यापुढे, फळीवर, त्याचा उजवा हात उताणा होता, बोटं अर्धी मिटलेली. त्या बोटांची पकड हळूहळू सैल होत होती, कुणाचा तरी धरून ठेवलेला हात सोडावा तशी. ती मागच्या मागे उतरली.

तो उन्हं कलल्यावर बाहेर आला. फक्त म्हणाला, "विकायची नाही आता. पाण्यात उतरवा." त्यानंतरही तो तिच्याशी कधी मोकळेपणाने बोलला नाही. दरवर्षी काम तिलाच सांगायचा, दुसऱ्या कुणाला नाही, पण निरोप भावाकडून. समोर आली तर नजर खाली. तिने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. नवऱ्याला मात्र राग यायचा. "तुझं तोंड बघत नाही आणि तुझ्या हातचं पाणी पितो," तो म्हणायचा. ती म्हणायची, "प्यायलं तर पाहिजेच ना."

चष्मेवाल्याची बायको एकदाच आली होती, पुढच्या वर्षी, टाकी पुसून झाल्यावर. ती आत न जाता खालीच, बोटीच्या पोटाला हात लावून उभी राहिली. "थपथप थांबली का हो?" तिने विचारलं. "ते म्हणतात थांबली."

"थांबली," मावशी म्हणाली, आणि ते खरं होतं. त्या दुपारनंतर फळीवर थाप कधी पडली नाही.

पाणी मात्र थांबलं नाही. टाकी भरली की गप्प, रिकामी केली की डुचमळायला लागायचं, बोट घोड्यांवर कोरड्या जमिनीवर असताना. पहिली काही वर्षं मावशी ते काम घाईघाईने उरकायची. नंतर सवय झाली, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या भांड्यांची होते तशी. टाकीत हात घालून पुसताना आतलं काहीच ओलं लागायचं नाही, आणि फळी लावली की आवाज सुरू. त्या बोटीत ती गाणं गुणगुणत नसे, एवढंच. बाकी सगळं इतर बोटींसारखंच.

एकदा भाऊ एक बोल्ट घट्ट करायला वर आला होता. टाकी नुकतीच सोडली होती. तो बिछान्यापाशी वाकला, थबकला, आणि कान टवकारून म्हणाला, "ताई, पाणी राहिलंय गं आत."

ती फिल्टर बसवत होती. पूर्वी म्हणाली असती, रिकामी आहे, मी स्वतः पुसलीय.

"राहिलं असेल," ती म्हणाली, आणि फिल्टरच्या चाकीला शेवटचा पीळ दिला.